बोळवणीचं केशिक

जगातला कुठलाही माल कुठूनही कुठेही कसा पोचवायचा, याचं शिक्षण माझा भाऊ एर्मेक बिश्केकच्या विद्यापीठात घेतो. माझ्या बोळवणीचं मांस मात्र त्याला कोचकोरहून काराकोलला पोचवता आलं नाही. मध्ये ना समुद्र, ना सरहद्द. सरोवराच्या काठाकाठाने जाणारा सरळ डांबरी रस्ता आहे.

त्याच्या पदवीचं नाव भलं मोठं आहे, जागतिक पुरवठा साखळी व्यवस्थापन. आमच्या अपाला, म्हणजे आईला, ते कधी धड म्हणता आलं नाही. शेजारणींनी विचारलं की ती सांगायची, "मालाचं शिकतोय. मोठ्या मालाचं." आकेंना, आमच्या वडिलांना, मात्र ते पाठ होतं. त्यांनी उभं आयुष्य तोरुगार्तच्या घाटातून चीनचा माल ट्रकने आणण्यात घालवलं. बर्फात चाकांना साखळ्या बांधून बांधून त्यांची बोटं वाकडी झालीत. "मी चाकाला साखळी बांधायचो, पोरगा जगाला बांधणार आहे," असं ते भेटेल त्याला ऐकवायचे. ऐकणारा कंटाळून उठेपर्यंत ऐकवायचे.

मी त्याची थोरली बहीण, बेगायम. लहानपणी त्याला पाठीवर घेऊन मीच हिंडले, आणि त्याच्या डोक्यात जी हवा आहे तिच्यातली निम्मी मी भरलेली आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी त्याला शिव्या घातल्या तर त्या घरच्या आहेत हे कळेल.

माझं लग्न काराकोलच्या तिलेकशी ठरलं. तिलेक गुरांचा डॉक्टर, माणूस शांत. बोळवणीचं जेवण आमच्याकडे, शरद ऋतूत, कोचकोरच्या मोठ्या हॉलमध्ये. आमच्यात म्हण आहे, जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा. नवऱ्याशी पटलं नाही तरी एक वेळ चालेल, पण व्याह्यांसमोर कमी पडलं तर सात पिढ्या ऐकावं लागतं. म्हणून अपाने उन्हाळ्यातच एक घोडा आणि चार मेंढ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. एवढ्यात एर्मेक सुट्टीवर आला, काखेत लॅपटॉप मारून.

"अपा, घोडा एकटा पुरे. मेंढ्या कशाला?"

"मेंढ्या कशाला? अरे, व्याही येणारेत!"

"मग? व्याह्यांना पोट एकेकच असतं ना?"

अपा पीठ मळत होती. तिने हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं, ताप आलेल्या पोराकडे बघतात तसं.

त्याचं म्हणणं असं होतं. त्या उन्हाळ्यात तो गावातल्या दोन लग्नांना गेला होता आणि जेवायचं सोडून टेबलांपाशी उभा राहून बघत होता. लोक जेवढं खातात, त्याहून जास्त बांधून नेतात. अर्धं अन्न दारातून बाहेर जातं. "आमच्या विषयात याला गळती म्हणतात," तो म्हणाला. "परीक्षेसाठी मला एक खरीखुरी साखळी घ्यायची आहे आणि तिच्यातली गळती बंद करून दाखवायची आहे. सगळे कारखाने घेतात, गोदामं घेतात. मी एजेची बोळवण घेणार." एजे म्हणजे थोरली बहीण, मी.

"ती गळती नाही रे माझ्या राजा," अपा म्हणाली. "ते केशिक आहे."

केशिक म्हणजे काय ते आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. मंगलकार्याच्या घरी जेवायला गेलात की आपल्या वाट्यातलं मांस, बोरसोक म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, गोडधोड पिशवीत घालून घरी आणायचं; जी म्हातारी माणसं, पोरं, शेजारी येऊ शकले नाहीत, त्यांच्या तोंडात त्या घरचा घास पडला पाहिजे. नाहीतर आशीर्वाद अर्धाच राहतो. हे एर्मेकला ठाऊक होतं. त्याचे दुधाचे दात अशाच पिशव्यांमधल्या बोरसोकांवर झिजलेत. तो काही विलायतेहून आलेला नव्हता, हे लक्षात ठेवा.

"केशिकची व्यवस्था मी केलीय अपा, छान पद्धतशीर. तू त्यात डोकं नको घालूस."

अपाने आकेंकडे पाहिलं. आके भिंतीला टेकून चहा पीत होते. लेकाच्या तोंडून एवढे अवघड शब्द ऐकून त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला तेव्हाच कळलं, निकाल लागला.

"हाडांना हात लावायचा नाही," ते एवढंच म्हणाले. "ज्याच्या वयाला जे हाड शोभतं ते त्याच्या ताटात गेलंच पाहिजे."

"नाही लावत, आके. हाडं तशीच."

"मग करू दे त्याला," मी म्हणाले. "शिकलाय तर वापरू दे की."

"तुझंच जेवण आहे बाई," अपा म्हणाली आणि पुन्हा पीठ मळायला लागली. "मग रडत माझ्याकडे येऊ नकोस."

बोळवणीच्या दिवशी काराकोलची मंडळी दुपारी आली. अपाने दारातच त्यांच्यावर चॉकलेटं आणि बोरसोक उधळले, पोरं ते वेचायला पायात पायात आली, सगळं रीतीप्रमाणे. सासूबाईंनी माझ्या कानात चांदीची कर्णफुलं घातली. त्यांचं नाव मी सांगणार नाही. सून सासूचं नाव घेत नाही. मग त्यांनी पर्समधून एक पांढरा रुमाल काढून अपाला दाखवला. काठाला निळ्या दोऱ्याचं भरतकाम होतं.

"आमच्या म्हातारीने दिलाय," त्या म्हणाल्या. तिलेकची आजी, तिला सगळे चोन-अपा म्हणतात. "पाय गेलेत, प्रवास झेपत नाही. आठ दिवस मागे लागलीय, नातसुनेच्या घरचं यात बांधून आण, मला चाखायचंय म्हणते. म्हातारपण, दुसरं काय!"

"न्याल हो, भरभरून न्याल," अपा म्हणाली. तिच्या आवाजातला तो भरवसा मला अजून ऐकू येतो.

सुरुवात चांगली झाली. व्याह्यांना रीतीप्रमाणे, त्यापुरत्या कापलेल्या एकुलत्या मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज भरवलं, गाणं झालं, थोरल्या काकांनी भाषण केलं. एर्मेक स्वयंपाकघराच्या दारात फोन घेऊन उभा होता आणि वाढप्यांना विमानतळावरच्या माणसासारखे हातवारे करत होता. एका टेबलावरची ताटली रिकामी व्हायला आली की दुसरी जायची, आधी नाही. कुठे काही साचू द्यायचं नाही, अशी त्याची पद्धत. आके म्हणाले होते हाडांना हात लावू नका, तर हाडं होती. ज्याचं त्याला मिळालंही. पण त्या हाडांवर एका माणसाने एका बैठकीत खाऊन संपवावं इतकंच मांस त्याने ठेवायला लावलं होतं, बाकीचं सोलून बेशबर्माकच्या शेवयांमध्ये. वडिलांचा शब्द त्याने असा पाळला.

मी नवरी म्हणून उंच जागी बसले होते, तिथून सगळा हॉल दिसत होता. लोक जेवले. पोटभर जेवले, मी खोटं कशाला बोलू. पण आमच्याकडे पोट भरल्यावरही टेबल भरलेलं असतं. शेवटपर्यंत मधे डोंगर दिसला पाहिजे. आणि इथे टेबलावरचं कापड दिसायला लागलं होतं. आधी कडेचं, मग मधलं. म्हाताऱ्या बायकांनी सवयीने पिशव्या बाहेर काढल्या, मांडीवर ठेवल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि एकेकीने हळूच परत आत घातल्या.

तेवढ्यात एर्मेकने खूण केली आणि वाढप्यांनी केशिक वाटलं.

तळहातावर मावतील असे कागदी डबे होते. बिश्केकहून बनवून आणलेले, वर सोनेरी रिबीन. आत दोन चॉकलेटं आणि एक बोरसोक. एक. थोरल्या काकांना एक डबा, त्यांच्या मांडीवरच्या नातवाला एक डबा. सगळ्यांना एकच माप.

"वा, डबा सुरेख आहे," काराकोलची एक बाई म्हणाली. "आमच्याकडे यात सुया ठेवतात."

बाजूच्या चौघी हसल्या. तिलेकचे काका आकेंकडे वळून मोठ्याने म्हणाले, "कुडा, अहो व्याही, तुमच्याकडे डोंगरात यंदा गवत झालं नाही वाटतं! घोडा फार बारीक होता का?"

आकेंच्या हातात कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा होता. त्यांनी तो खाली ठेवला, पण टेबलाच्या कडेला, आणि तो पडला. ते स्वयंपाकघरात गेले. नंतर मला कळलं, तिथे कढया घासून पालथ्या घातलेल्या होत्या. "तुमच्या लेकानेच सांगितलं, आके, काही उरता कामा नये," आचारी म्हणाला. अपा काही मागून आणायला शेजारच्या घरी पळणार होती, पण तोवर थोरल्या काकांनी तळहात उघडले. आशीर्वाद झाला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. त्यानंतर टेबलावर काही आणता येत नाही. लांबचा रस्ता होता, मंडळी उठली.

आणि या सगळ्या वेळात माझा भाऊ काय करत होता? फोटो काढत होता. रिकाम्या ताटांचे. वाकून, बाजूने, वरून, व्याह्यांच्या खांद्यांवरून.

सासूबाईंनी रुमाल पर्समधून काढला होता, मांडीवर उलगडलाही होता. त्यांनी त्याची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी, आणि तो परत पर्समध्ये ठेवला. मी पाहिलं. अपानेही पाहिलं. बोळवणीत आई रडतेच, म्हणून लोकांना काही वेगळं वाटलं नाही. ती कशासाठी रडत होती ते मला ठाऊक होतं.

मी गाडीत बसायला निघाले तर हा धावत आला, घामाघूम आणि खुशीत. "एजे, ताटं पाहिलीस? एक तुकडा उरला नाही!"

"एर्मेक," मी म्हणाले, "तोंड बंद कर आणि आत जा."

त्याला कळलं नाही. लग्नाचं दुःख, असं समजून त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं.

वाटेतल्या बालिक्ची गावात सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. "डोकं दुखतंय, गोळी घेऊन येते," म्हणाल्या आणि औषधाच्या दुकानावरून पुढे, सरळ बाजारात शिरल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात गाठोडं होतं. ते मांडीवर घेऊन त्या पुढच्या सीटवर बसल्या. गाडीत उकडलेल्या मांसाचा आणि तळणीचा वास भरला. गाठोड्याच्या टोकाला निळ्या दोऱ्याचं भरतकाम होतं. तिलेक बाहेर सरोवर बघत राहिला. मी माझ्या हातांकडे बघत राहिले.

चोन-अपा खिडकीपाशी गाद्यांवर बसली होती, कोरडी, लहानशी, डोळे मात्र तिखट. सासूबाईंनी तिच्यापुढे गाठोडं सोडलं. "घ्या आई. सुनेच्या घरचं."

तिने आधी बोरसोक घेतला. दात नाहीत, हिरड्यांनी बराच वेळ चघळला. मग मांसाचा तुकडा. मग तळहात उघडून म्हणाली, "तुझ्या आईच्या हाताला चव आहे गं पोरी. घर भरलेलं राहो तिचं."

नव्या सुनेने मान खाली घालायची असते. ती रीत त्या दिवशी माझ्या फार कामी आली.

मला वाटत होतं, सासूबाई पुढेमागे कधीतरी टोमणा मारतील. भांडं आपटताना, मीठ जास्त पडल्यावर, कधीतरी. मारला असता तर मी मनातल्या मनात तरी उलटून बोलले असते आणि सुटले असते. त्यांनी मारला नाही. उलट शेजारीण आली की चोन-अपा सांगायची, "नातसुनेच्या घरचे बोरसोक काय मऊ होते!" आणि सासूबाई चुलीकडे तोंड करून म्हणायच्या, "हो ना." दर वेळी माझ्या कानात जाळ व्हायचा. माझ्या आईने न तळलेल्या बोरसोकांची स्तुती ऐकत मी त्या घरात चहा ओतत होते. माहेरी फोनवर कुणालाही सांगितलं नाही. सांगणार काय? की आपली अब्रू सासूबाईंनी बाजारातून विकत आणली?

हिवाळ्यात एर्मेकचा फोन आला. त्याचं काम वर्गात सगळ्यांत चांगलं ठरलं होतं. हॉलंडहून आलेल्या मास्तरांना फार आवडलं, ते सगळ्यांसमोर मांडायचं होतं, घरच्यांना बोलावलं होतं. आके पांढरा कल्पाक डोक्यावर घालून, सूट चढवून निघाले. तिलेक म्हणाला, आपणही जाऊ. मी नको म्हणाले. तो म्हणाला, तुझे वडील एकटे बसतील. म्हणून गेले.

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. एर्मेकने टाय लावला होता. पडद्यावर बाण होते, चौकोन होते, कोचकोरपासून काराकोलपर्यंत एक रेघ होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, गळती. मग तो म्हणाला, "आणि हा परिणाम," आणि फोटो आला.

भिंतभर रिकामी ताटं. मागे, थोड्या अस्पष्ट, सासूबाई. हातात अर्धी घडी घातलेला रुमाल. आणि त्यांच्या मागे अपा, तोंडावर हात धरून.

मग पुढच्या रांगेतली एक कझाक मुलगी म्हणाली, "थांब, थांब. तू केशिक कापलंस? व्याह्यांच्या पानातलं?" आणि वर्ग जो फुटला! पोरं बाकांवर थापा मारून हसत होती. "अरे, ही बहीण नांदतेय ना अजून?" "डब्यात काय दिलं म्हणालास, एक बोरसोक? एक?" मास्तर हसऱ्या चेहऱ्याने सगळ्यांकडे बघत होते, ते एकटेच कारण न कळून हसत होते. टाळ्याही त्या एकट्यानेच वाजवल्या. म्हणाले, उत्कृष्ट, जगात कुठेही लागू पडेल असं.

तिलेक माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या आईचा चेहरा भिंतीएवढा झाला होता. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

तेवढ्यात आके उठले. कल्पाक हातात घेतला. गोंगाट जरा कमी झाला, म्हाताऱ्यांसमोर आमच्याकडे अजून होतो.

"त्याला हसू नका," ते म्हणाले. "यजमान मी होतो. घर माझं, कढई माझी, कमी पडलं ते माझ्याकडे पडलं. पोरगा शिकतोय अजून."

एवढं बोलून ते बसले. त्यांची वाकडी बोटं कल्पाकच्या कडेवरून फिरत होती. एर्मेक पडद्याकडे वळला होता. तो फोटो त्याने शंभरदा पाहिला असणार, पण ताटंच पाहिली असणार. आत्ता तो मागच्या दोन बायकांकडे बघत होता. त्याने पुढचं काही दाखवलं नाही. त्याला सगळ्यांत वरचे गुण मिळाले.

बाहेर बर्फ पडत होतं. तो पायऱ्यांवर माझ्यापाशी आला. मी त्याला बालिक्चीचं सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, आके ऐकू नयेत म्हणून, आणि काही गाळलं नाही. गोळीचं, गाठोड्याचं, चोन-अपाच्या आशीर्वादाचं.

"मला आधी का नाही सांगितलंस, एजे?"

"तुला ठाऊक नव्हतं का, घरी म्हातारी वाट बघते ते? प्रत्येक घरात कुणीतरी बघतं."

"ठाऊक होतं." तो बुटाने बर्फ उकरत राहिला. "पण मी ताटावर बसलेली माणसं मोजली. जी आली नाहीत ती मोजायची नसतात असं वाटलं मला."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला पाठीवर घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. त्याचा टाय वाकडा झाला होता, तो सरळ केला.

वसंतात, नूरूझच्या, म्हणजे नववर्षाच्या दिवशी, आमच्या काराकोलच्या दारात आकेंचा जुना ट्रक येऊन थांबला. आके, अपा आणि एर्मेक. मागे मेंढीचं अख्खं मांस, चूचूकच्या, म्हणजे आतड्यात भरलेल्या घोड्याच्या मांसाच्या वळ्या आणि बोरसोकांची एवढी मोठी पिशवी की एर्मेकला ती दारातून आडवी आणावी लागली. न सांगता आले होते. अपाने सासूबाईंना मिठी मारली आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.

चहा झाला. आके बोलत होते, न थांबता, लाज वाटली की ते बोलतात. बिश्केकचं सगळं त्यांनी चोन-अपाला सांगून टाकलं, फोटो, हसणं, गुण. फक्त बालिक्चीचं त्यांना माहीत नव्हतं. "आणि तो मास्तर टाळ्या वाजवतोय!" ते म्हणाले. "त्याचा तरी काय दोष. परका माणूस, त्याला कुणी आपल्या घरचं कधी खाऊ घातलंय?"

एर्मेक चोन-अपासमोर गुडघ्यांवर बसला होता. त्याने पिशवीचं तोंड उघडून तिच्यापुढे धरलं. तिने एक बोरसोक उचलला, नाकाशी नेला, मग तोंडात घातला आणि डोळे मिटून चघळत राहिली.

"हं," ती म्हणाली. "घरच्या तुपातलं तळण. हे आलं आता कोचकोरहून."

तिने पिशवीतून आणखी एक उचलला.

"मागचे सरकीच्या तेलातले होते. बालिक्चीच्या बाजारात दारापाशी बसते ना ती, तिचे. तिचं तेल मी तोंडात घालताच ओळखते."

आके गोंधळून अपाकडे बघायला लागले. सासूबाईंच्या हातातली किटली तशीच राहिली. "आई! मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू एवढं झाकून आणलंस," चोन-अपा म्हणाली, "मी कशाला उघडू?"

मला तिथे बसवेना. इतके महिने मी त्या घरात गुपित सांभाळत होते असं मला वाटत होतं, आणि ती म्हातारी रोज शेजारणींसमोर माझ्या आईची अब्रू सांभाळत होती. मी उठून चुलीपाशी गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे एर्मेक हुंदके देत होता, मोठा बाप्या गडी, नाक ओढत.

"रडू नकोस, मांस खारट होईल," चोन-अपा म्हणाली. "सुनबाई, माझा रुमाल आण."

सासूबाईंनी रुमाल आणला, धुऊन इस्त्री केलेला. चोन-अपाने तो मांडीवर पसरला. एर्मेकच्याच पिशवीतून मूठभर बोरसोक घेतले, चूचूकची एक वळी घेतली, मांसाचा चांगला तुकडा निवडून वर ठेवला, आणि चारी टोकं बांधून ते त्याच्या हातात दिलं.

"हे तुझ्या मास्तराला दे," ती म्हणाली. "तो बोळवणीला आला नव्हता ना?"

एर्मेकने ते दोन्ही हातांनी घेतलं. मान त्याला वर करता आली नाही. संध्याकाळी ट्रक निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. तो आके आणि अपाच्या मधे बसला होता, रुमालाचं गाठोडं मांडीवर घेऊन, सासूबाई बसल्या होत्या तसाच.